हवा हवी, घोडे नकोत

निवृत्त माणसाच्या हाती दोन गोष्टी पडतात. एक फंडाची रक्कम, आणि दुसरी म्हणजे ती रक्कम कशात घालावी याबद्दलचे सल्ले. पैकी पहिली लवकर संपते. दुसरी संपता संपत नाही.

मी परभणीच्या एका शाळेत तीस वर्षं शास्त्र शिकवलं. उरलेल्या आयुष्यात कुणालाही काहीही शिकवायचं नाही असा निश्चय करून घरी आलो आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकाम मांडलं. रंधा, करवत, चार पटाश्या, एक ड्रिल मशीन, एवढाच संसार. पाट झाले, चौरंग झाला, नातवाला बैठं टेबल झालं. अडायचं ते रंगापाशी. ब्रशनं रंग दिला की रंगात केस चिकटायचे. कधी ब्रशचे, कधी माझे. आणि माझे तर आधीच मोजके. शेवटी स्प्रे गन घ्यायचं ठरवलं. आता गन म्हटली की हवा आली, आणि हवा म्हटली की कॉम्प्रेसर आला.

तिथून पुढं जे रामायण घडलं त्यावरून माझं एक ठाम मत झालं आहे. 'किती घोड्यांचा?' हा प्रश्न कॉम्प्रेसरच्या दुकानात विचारायला बंदी असावी. देवळाबाहेर जशी 'चपला इथे काढाव्यात' अशी पाटी असते, तशी त्या दुकानाबाहेर 'घोडे इथे सोडावेत' अशी पाटी असावी. हे मत कुणाला टोकाचं वाटेल. वाटू दे. मी या घोड्यावरून पडलेला माणूस आहे. मला तरी बोलायचा अधिकार आहे.

त्याचं असं झालं. कॉम्प्रेसर घेतोय म्हटल्याबरोबर ज्यानं त्यानं मला विचारलं, "किती एचपीचा?" शेजाऱ्यांनी विचारलं, दूधवाल्यानं विचारलं. ज्यांनी जन्मात सायकलचा पंप हातात धरला नाही, त्या आमच्या पेन्शनर मित्रांनीही कट्ट्यावर बसून विचारलं. 'कशाला घेताय?' असं मात्र एकट्या आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, आणि तो प्रश्न मी तीस वर्षांच्या सवयीनं विरोधी पक्षाचा म्हणून सोडून दिला. वास्तविक संबंध प्रकरणात शहाणा प्रश्न तेवढाच होता. पण ते मागाहून कळलं.

दुकानदारानं एक देखणं यंत्र पुढं केलं. लाल टाकी, काळी चाकं. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'दीड एचपी', त्याखाली '२५ लिटर', त्याखाली '८ बार', आणि अगदी कोपऱ्यात, डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीइतक्या बारीक अक्षरात '५ सीएफएम'. मी मोठी अक्षरं वाचली. दुकानदार म्हणाला, "सर, दीड घोडा आहे, आरामात अख्खी गाडी रंगवताल." मला गाडी रंगवायची नव्हती, नातवाच्या कपाटाचं दार रंगवायचं होतं. म्हटलं, जो गाडी रंगवतो त्याला दार काय जड!

दार जड गेलं. गनमध्ये रंग भरला, घोडा ओढला. पहिलं मिनिटभर असा काही देखणा फवारा उडाला की मी सौ.ला हाक मारून बाहेर बोलावलं. ती येईपर्यंत मिनिट संपलं होतं. फवारा खोकायला लागला, मग थुंकायला लागला. दाराचा वरचा भाग आरशासारखा, मधला संत्र्याच्या सालीसारखा आणि खालचा भिंतीवर पान खाऊन कुणीतरी जावं तसा. यंत्र मात्र धडधड करून कानठळ्या बसवत होतं. घाम यंत्रालाही आला होता आणि मलाही. मे महिना होता, परभणीत पारा चव्वेचाळीसवर होता. सौ. दाराकडं बघून एवढंच म्हणाली, "अहो, याच्यापेक्षा तुमचे केस बरे होते."

मग सल्ल्यांची दुसरी फेरी सुरू झाली. या फेरीचं अध्यक्षपद आमच्या मेहुण्यांकडं होतं. ते म्हणाले, "दाजी, मी काय म्हणतो, घ्यायचा तर मोठाच घ्यायचा. पाच एचपीचा घेऊन टाका. पुढं उपयोगी पडतो."

हे 'पुढं उपयोगी पडतो' म्हणजे आपल्या मध्यमवर्गाचा गायत्री मंत्र आहे. लहानपणी आपल्याला शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवला, तेव्हापासून आपण सगळंच वाढत्या अंगाचं घेतो. कुकर वाढत्या अंगाचा, फ्रिज वाढत्या अंगाचा. चार माणसांच्या घरात वीस माणसांचा डोसा तवा मी पाहिला आहे. पण मुलगा वाढतो म्हणून सदरा मोठा घ्यायचा असतो. साठी उलटलेल्या माणसाचा सुतारकामाचा व्याप कुठं वाढणार? वाढला तर गुडघा वाढतो.

आणि पाच घोडे बांधायचे कुठं? एक घोडा म्हणजे ७४६ वॅट; पाच घोडे म्हणजे पावणेचार किलोवॉट, तेही मोटारीचा तोटा न धरता. एवढ्या मोटारीला बहुधा तीन फेज लागतात, आणि आमच्या घरात एकच आहे. त्यात मोटारीची एक खोड असते. चालताना दहा-अकरा अँपियर खाणारी साधी दोन घोड्यांची मोटारसुद्धा सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट खाते. लग्नात पंगत बसल्या बसल्या पहिला वाढपी जसा लुटला जातो, तसं. घराची वायरिंग जुनी असली आणि संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असलं, तर मोटार नुसती हुं हुं करते, फिरत नाही, आणि तापून जळते. मेहुण्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग दाजी, तीन फेज घेऊन टाका ना. पुढं उपयोगी पडतं."

पाच घोड्यांचं जमलं नाही तेव्हा तिघांवर तडजोड झाली. नवा परवडेना, म्हणून जुन्या मालाच्या बाजारात एक हेरला. तीन घोडे, दोनशे लिटरची टाकी, वर ताजा निळा रंग. विकणारा म्हणाला, "सर, टाकी जुनी आहे म्हणून तर मजबूत आहे. आताच्या टाक्या म्हणजे पत्र्याचे डबे." मला हे पटलं. म्हाताऱ्या माणसाला जुनं ते मजबूत हे लगेच पटतं. पण इसार देण्याआधी सोबत कुणी जाणकार न्यावा म्हणून वसमत रोडवर पंक्चरचं दुकान असलेल्या चाचांना घेऊन गेलो. गेली कित्येक वर्षं माझ्या स्कूटरची हवा त्यांच्याच हाती आहे. रस्त्याच्या कडेला, उन्हातान्हात, रोज बारा तास कॉम्प्रेसर चालवणारा माणूस. त्या विषयात परभणीत त्यांच्याएवढा अनुभव कुणाला असणार!

चाचा यंत्राकडं गेले ते मोटारीकडं पाहिलंच नाही. खाली वाकले, टाकीच्या पोटाचा नळ उघडला. भुरं, गंजलेलं पाणी भसाभसा वाहिलं. लोखंडी पान्याच्या दांड्यानं त्यांनी टाकी वाजवत नेली. वर टणटण वाजली, खाली बद्द वाजली. एका ठिकाणी निळ्या रंगाखाली वेल्डिंगचा डाग होता. चाचा उठले, हात पुसले आणि मला म्हणाले, "चलो सर."

"का हो?"

"रंग नया, पेट पुराना. घर में बच्चे हैं ना आपके?"

बच्चे होते. नातू त्या शेडमध्ये दिवसभर माझ्या पायात घुटमळत असतो.

इथं जरा थट्टा बाजूला ठेवून बोलतो, कारण ही गोष्ट थट्टेची नाही. टाकी गंजते ती आतून, आणि गंजते ती तळाला, जिथं कुणी पाहत नाही. पाणी कुठून येतं म्हणाल, तर हवेतूनच. पावसाळ्यात तीस अंशांच्या पुरत्या ओल्या हवेत दर घनमीटरला सुमारे तीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. अशी आठ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबली आणि ती थंड झाली, की दोनशे ग्रॅमच्या वर पाणी खाली साचतं. भांडंभर पाणी! ते रोज काढलं नाही तर पत्रा खात बसतं. आणि त्या पातळ झालेल्या पत्र्याच्या आत काय कोंडलेलं असतं? दोनशे लिटरच्या टाकीत आठ बारनं भरलेली हवा एकदम सुटली, तर ज्वारीचं क्विंटलभराचं पोतं शंभर मीटरच्याही वर फेकेल एवढी ताकद तीत असते. गंजलेल्या टाकीला वरून ठिगळ लावणं म्हणजे त्या पोत्याखाली पाट मांडून जेवायला बसणं.

१९४८ साली आपल्याकडं कारखाना कायदा झाला, तेव्हाच त्यात दाबाच्या यंत्रांसाठी एकतिसावं कलम वेगळं घातलं होतं, ते उगाच नव्हे. टाकी तपासायची रीतही जुनी आहे. तीत हवा नव्हे, पाणी भरायचं आणि नेहमीच्या साधारण दीडपट दाब द्यायचा. पाणी दाबून बारीक होत नाही, त्यामुळं टाकी फुटलीच तर नुसती गळते, उडत नाही. पण हे सगळं कारखान्यात. घरामागच्या शेडमध्ये कुणी निरीक्षक येत नाही. तिथं निरीक्षक आपणच, आणि आपण विचारत असतो, 'किती घोडे?' त्या निळ्या टाकीला तीन घोडे होते आणि तिन्ही धडधाकट होते. माझ्या प्रश्नाचं उत्तर अगदी बरोबर मिळालं होतं. प्रश्नच चूक होता.

परतताना चाचांनी चहा पाजला. मी माझ्या लाल यंत्राची, दाराची, संत्र्याच्या सालीची सगळी कहाणी सांगितली आणि शेवटी विचारलं, "मग चाचा, किती एचपीचा घेऊ?"

चाचांनी बशी खाली ठेवली. "सर, घोडे छोडो. पैले ये बोलो, हवा कित्ती होना? आपकी गन एक मिनट में कित्ती हवा खाती?"

मला उत्तर देता येईना. तीस वर्षं ज्यानं फळ्यावर बॉइलचा नियम लिहिला, १६६२ साल पोरांकडून घोकून घेतलं, दाब वाढला की आकारमान कमी होतं म्हणून डस्टर आपटून सांगितलं, तो मास्तर पंक्चरच्या दुकानात बाकावर उभा राहिला होता.

रात्री घरी येऊन कागद घेऊन बसलो. भिंगानं खोक्याचा कोपरा वाचला, गनचा कागद शोधून काढला. हिशेब पाचवीच्या पोराचा निघाला. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. एक घनफूट म्हणजे सुमारे अठ्ठावीस लिटर; पंधरा किलो तेलाचा डबा धरला तर पावणेदोन डबे. माझी गन खात होती मिनिटाला सहा घनफूट, म्हणजे एकशे सत्तर लिटर. यंत्राच्या खोक्यावर पाच लिहिलेलं होतं, पण त्यातही गोम होती. ते पाच म्हणजे पिस्टन खाली येताना जेवढी हवा आत घ्यायला जागा होते तेवढी. नळीतून प्रत्यक्ष बाहेर पडते ती अशा लहान यंत्रात त्याच्या साठ-सत्तर टक्के. म्हणजे सव्वातीन घनफूट, नव्वद लिटर. खर्च एकशे सत्तर, मिळकत नव्वद! उरलेले ऐंशी टाकीतून. आणि टाकी तरी केवढी? पंचवीस लिटरच्या टाकीचा दाब आठावरून चारावर येईस्तो शंभर लिटर मोकळी हवा मिळते. बेरीज केली तर जेमतेम एक मिनिट. बरोबर तेवढंच, जेवढ्यात मी सौ.ला हाक मारली होती.

हा हिशेब करायला ना इंजिनिअर लागत होता ना मेहुणा. महिन्याचा पगार आणि महिन्याचा किराणा यांचा मेळ ज्या बाईनं तीस वर्षं घातला, तिला तो तोंडी आला असता. तिनं तो विचारलाही होता. 'कशाला घेताय?' म्हणजे दुसरं काय? आधी खर्च सांगा, मग मिळकत ठरवू.

आमच्याकडं एक म्हण आहे, 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. ती कुणी, का केली याची चर्चा मी करत नाही. परभणीकर असल्यानं मला ती मान्य आहे. पण त्या रात्री मला ती वेगळ्याच कारणानं आठवली. जर्मनीत माग्देबुर्ग नावाचं गाव आहे. तिथले महापौर ओटो फोन गेरिके यांनी हवा काढून घेणारा पंप बनवला होता. त्यांनी तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावले, आतली हवा काढून घेतली, आणि १६५७ च्या सुमारास दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपून ते ओढायला लावले. सोळा घोड्यांना ते गोल सुटेनात. बाहेरची हवा त्यांना दाबून धरून होती. मग तोटी उघडून हवा आत सोडली, की गोल हातानं सुटत. म्हणजे घोडे हवेपुढं हरले हे जर्मनीला साडेतीनशे वर्षांपूर्वी कळलं, आणि आम्ही परभणीत अजून हवा घोड्यांत मोजतो आहोत!

बरं, हा घोडा आला कुठून? तर जाहिरातीतून. जेम्स वॅटला आपली वाफेची इंजिनं विकायची होती, आणि गिऱ्हाइकांच्या दारात घोडे बांधलेले होते. तेव्हा त्यानं अठराव्या शतकाच्या अखेरीस हिशेब मांडला, की एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचललं म्हणजे एका घोड्याचं काम झालं. गिऱ्हाइकाला समजेल असं माप त्यानं दिलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते माप मोटार किती खपते याचं आहे. हवा किती मिळते याचं नव्हे. आचारी किती घाम गाळतो यावरून पंगतीत किती लाडू येतील हे ठरवण्यासारखं झालं.

आता प्रतिपक्षाचंही ऐकून घेऊ. पहिला आक्षेप असा की घोड्यांवरून हवेचा अंदाज येतोच की! येतो. सात बारच्या आसपास चांगलं पिस्टनचं यंत्र एका घोड्याला तीन-साडेतीन घनफूट हवा देतं. पण घोडा अस्सल हवा. काही खोक्यांवरचे घोडे कागदी असतात. मोटारीच्या पत्र्यावर पाच अँपियर आणि खोक्यावर तीन घोडे असं दिसलं, तर गुणाकार करावा: पाच गुणिले २३० म्हणजे साडेअकराशे. तीन घोड्यांना लागतात सव्वादोन हजार वॅट. उरलेला दीड घोडा छापखान्यात जन्माला आलेला असतो. आणि घोडे अस्सल असले तरी माझी गन किती खाते हे ते सांगत नाहीत.

दुसरा आक्षेप मेहुण्यांचा: थोडा मोठा घेतला तर बिघडलं काय? थोडा मोठा घ्यावाच. गरजेपेक्षा पाव-तीस टक्के हवा जास्त असावी. लहान पिस्टनच्या यंत्राला सतत पळवायचं नसतं. त्यानं साधारण अर्धा वेळ काम करावं, अर्धा वेळ दम खावा. त्यात आमच्या उन्हाळ्यात चव्वेचाळीस अंशांना हवाच विरळ होते. वीस अंशांच्या मानानं सात-आठ टक्के माल कमी येतो. पण पाव-तीस टक्के कशाच्या? तर गरजेच्या. आणि गरज माहीत नसेल तर तिचे तीस टक्के काढणार कुठून?

तिसरा आक्षेप असा की टाकी मोठी घेतली की झालं. नाही झालं. टाकी म्हणजे बँकेतली शिल्लक. मिळकत खर्चापेक्षा कमी असेल तर शिल्लक मोठी असून दिवाळं चार दिवस पुढं जातं, एवढंच. खिळे मारायच्या गनला मधूनमधून घोटभर हवा लागते, तिला लहान टाकी चालते. टायरला कुठलंही यंत्र चालतं, वेळ काय तो लागतो. हवेवर चालणारी घासणी मात्र अधाशी असते. दहा-दहा घनफूट खाते आणि थांबत नाही. ज्याला लाकूड घासायचं आहे त्यानं त्यासाठी मोठा कॉम्प्रेसर घेण्यापेक्षा विजेची घासणी आणावी. कॉम्प्रेसर विकणारा हे सांगत नाही. त्यानं का सांगावं?

तेव्हा माझं सांगणं इतकंच. दुकानात जाण्याआधी घरी बसून एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात. कुठलं हत्यार चालवायचं, ते मिनिटाला किती हवा किती दाबाला खातं, आणि ते सलग किती मिनिटं चालणार. तो कागद दुकानदारापुढं ठेवून विचारावं, "या दाबाला नळीतून प्रत्यक्ष किती हवा बाहेर येते? पिस्टनची नको, नळीची सांगा." उत्तर न आलं तर दुसरं दुकान. रोज तास-दोन तास काम करणाऱ्यानं तेलाचं, पट्ट्यावर फिरणारं यंत्र बघावं. ते सावकाश फिरतं, कमी ओरडतं, जास्त जगतं. अधूनमधून हौस करणाऱ्याला बिनतेलाचं लहान पुरतं, फक्त शेजाऱ्यांच्या वामकुक्षीची वेळ सांभाळावी. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून ती मोकळी आहे ना पाहावं. रोज काम संपलं की टाकीचं पाणी काढावं. आणि जुनी टाकी, तिची रीतसर पाण्यानं तपासणी झाल्याशिवाय, फुकट मिळाली तरी घरात आणू नये.

आता माझं काय झालं ते सांगतो. सगळा हिशेब घेऊन मी पुन्हा चाचांकडं गेलो. म्हटलं, "सहा घनफूट होना." चाचांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "सर, दरवाजा रंगानेकू सहा कायकू? ये गन गाडी की है. छोटी लेव."

म्हणजे पुन्हा तेच! गनसुद्धा मी वाढत्या अंगाची घेतली होती. मग बारीक नोझलची, चार घनफूट खाणारी गन आणली. खर्च एकशे तेरा लिटर, मिळकत नव्वद, तूट तेवीस. तेवढी तूट माझी तीच पंचवीस लिटरची लाल टाकी चार मिनिटं सोसते. चार मिनिटांत दाराची एक बाजू होते. मग यंत्र दम खातं, मीही खातो, सौ. चहा देते आणि दुसरी बाजू होते. पाच घोडे, तीन फेज, निळी टाकी यांतलं काहीच लागलं नाही. फंडातले पैसे फंडात राहिले, आणि शेडमध्ये नातू माझ्या पायात घुटमळतो तेव्हा मला टाकीकडं बघून धास्ती वाटत नाही. संध्याकाळी पाणी काढायचं काम त्याच्याचकडं दिलं आहे. दाब शून्यावर आला की मी हाक मारतो, तो नळ उघडतो आणि किती पाणी निघालं ते वाटीत मोजून आजीला दाखवतो.

परवा कट्ट्यावरचे एक मित्र घरी आले. कपाटाचं दार त्यांनी बोटानं चाचपून पाहिलं. खूष झाले. शेडमध्ये डोकावून म्हणाले, "वा सर! हा का तो कॉम्प्रेसर? किती घोड्यांचा?"

मी म्हटलं, "मिनिटाला साडेपाच डबे."

त्यांनी जरा वेळ विचार केला. मग म्हणाले, "हो, पण म्हणजे घोडे किती?"